ऊन, डांबर आणि काजळी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत शास्त्र शिकवीत आणि ते मराठीतून शिकवीत. म्हणून, विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला देण्यात आले तेव्हा, वयपरत्वे सुचणारे आठवणींचे आणि उपदेशाचे विषय बाजूला ठेवून मी माझ्याच शास्त्रातील एक विषय घेतला. रसायनशास्त्र मी आयुष्यभर इंग्रजीतून शिकविले. आज ते मातृभाषेतून सांगताना काही ठिकाणी अडखळेन. जेथे मराठी शब्द रुळलेला आहे तेथे तो वापरीन. जेथे नाही तेथे परका शब्दच ठेवीन. ओढूनताणून घडविलेल्या संस्कृत शब्दाने विषय सोपा होत नाही, फक्त भारदस्त होतो, असा माझा अनुभव आहे.

उन्हाविषयी आपल्या मनात एक जुनी श्रद्धा आहे. गाद्यांना ऊन दाखवावे, धान्याला ऊन दाखवावे, दमट खोलीची खिडकी उघडून ऊन आत घ्यावे. ही श्रद्धा निराधार नाही. ऊन ओल घालविते, बुरशी मारते, पुष्कळ जंतू मारते. प्रश्न असा आहे की, जे सजीव नाही पण विषारी आहे, म्हणजे धुरात, काजळीत आणि डांबरात असणारी काही संयुगे, त्यांचेही ऊन असेच निर्दालन करते काय? आपण जे जाळतो आणि हवेत सोडून देतो, त्याची जबाबदारी सूर्यावर टाकून मोकळे होता येते काय?

या संयुगांचे शास्त्रीय नाव लांबलचक आहे : बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने. मी त्यांना नुसती बहुवलयी संयुगे म्हणेन. कार्बनच्या सहा अणूंचे एक वलय म्हणजे बेंझीन. अशी दोन वलये एक बाजू सामाईक ठेवून जोडली की नॅफ्थॅलीन होते, तीन जोडली की अँथ्रासीन किंवा फिनँथ्रीन, पाच जोडली की त्यांपैकी एक बेंझोपायरीन. लाकूड, शेणी, कोळसा, डिझेल, टायर, सुकी पाने, उदबत्ती, काहीही पुरेशा हवेशिवाय जळले की ही संयुगे तयार होतात. समईच्या ज्योतीवर ताटली धरून घरोघरी जी काजळी धरली जाई, तिच्यातही ती थोडीफार असतातच.

येथे आपल्या भाषेतील एका घोटाळ्याची नोंद केली पाहिजे. मराठीत ‘डांबर’ हा शब्द आपण तीन निरनिराळ्या वस्तूंना लावतो. दगडी कोळसा बंद भट्टीत तापविला की निघते ते खरे डांबर, म्हणजे कोलटार. रस्त्यावर हल्ली घालतात ते खनिज तेलाच्या तळाशी उरणारे बिट्युमेन. आणि कपाटात लोकरीच्या कपड्यांत ठेवतो त्या डांबरगोळ्या, म्हणजे बहुधा शुद्ध नॅफ्थॅलीन. बहुवलयी संयुगांचे प्रमाण कोलटारमध्ये फार मोठे असते, बिट्युमेनमध्ये त्या मानाने पुष्कळच कमी. रस्त्यावरचे डांबर पाहून घाबरण्याचे कारण नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाच्या धुराकडे मात्र लक्ष द्यावे.

या द्रव्यांचा अपाय प्रथम लक्षात आला तो लंडनमध्ये. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखविले की, लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण अंगावर साचणारी काजळी आहे. एखाद्या बाह्य द्रव्याशी कर्करोगाचा संबंध इतक्या स्पष्टपणे जोडणाऱ्या पहिल्या लेखनांपैकी ते एक. १९१५ साली टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोलटार चोळून प्रत्यक्ष कर्करोग निर्माण केला. आता प्रश्न उरला की, डांबरात असंख्य द्रव्ये असतात, त्यांतील अपराधी कोण? तो शोधला लंडनमध्येच, आणि शोधण्याची खूण दिली प्रकाशाने. कर्करोगकारक डांबरांवर अतिनील प्रकाश टाकला की ती एका विशिष्ट निळसर-जांभळ्या तेजाने उजळतात, त्या तेजाच्या वर्णपटात ठरावीक पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांच्या मागावर राहून, गॅसच्या कारखान्यातील दोन टन डांबरापासून सुरुवात करून, कुक, ह्युएट आणि हायगर यांनी १९३३ साली बेंझोपायरीन वेगळे केले. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था ते मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात धरते. आपल्या देशाने २००९ साली हवेच्या गुणवत्तेची जी मानके ठरविली, त्यांत बेंझोपायरीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला १ नॅनोग्रॅम आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

हे द्रव्य प्रकाशात उजळते, याचाच अर्थ ते प्रकाश गिळते. आणि जे प्रकाश गिळते त्याला प्रकाश मोडू शकतो. जो प्रकाश आरपार निघून जातो त्याने काहीच घडत नाही; प्रकाशरसायनाचा हा पहिला नियम आहे.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोहोचणारा सूर्यप्रकाश सुमारे ३०० नॅनोमीटर तरंगलांबीपासून पुढचा असतो. त्यापेक्षा तीव्र अतिनील किरण वरच्या ओझोनच्या थरात अडतात. नॅफ्थॅलीन गिळते तो प्रकाश जवळजवळ सगळा या उंबरठ्याच्या अलीकडचा. म्हणून त्याला ऊन फारसे लागतच नाही. वलये वाढली की गिळलेला प्रकाश दृश्य रंगांकडे सरकतो आणि रेणू उन्हाच्या तावडीत सापडतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथील पर्यावरण प्रयोगशाळेत झेप आणि श्लॉट्झहाउअर यांनी पाण्यात विरघळलेल्या अशा संयुगांची मोजमापे केली. ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. ४० अक्षांशावर, उन्हाळ्यातील भर दुपारच्या उन्हात, पाण्याच्या अगदी वरच्या थरात अर्धे द्रव्य नाहीसे होण्यास लागणारा काळ त्यांनी काढला. नॅफ्थॅलीनला ७१ तास. फिनँथ्रीनला ८.४ तास. अँथ्रासीनला पाऊण तास. बेंझोपायरीनला जेमतेम अर्धा तास. चार वलये सरळ एका रांगेत असलेल्या नॅफ्थासीनला तर दोन मिनिटे. हे तास घड्याळाचे नव्हेत, भर दुपारच्या उन्हाचे आहेत. ७१ तासांचे ऊन गोळा व्हायला कितीतरी दिवस लागतात. आपले बडोदे कर्कवृत्ताच्या थोडे खाली, २२ अक्षांशावर आहे, वर्षातून दोनदा सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो. तेव्हा आपल्याकडे निरभ्र दिवशी हे काम मंदावण्याचे कारण नाही.

या आकड्यांत मला सर्वांत उद्बोधक वाटते ती अँथ्रासीन आणि फिनँथ्रीनची जोडी. दोघांतही कार्बनचे १४ अणू, हायड्रोजनचे १०. वजन तेच, सूत्र तेच. फरक एवढाच की अँथ्रासीनची तीन वलये सरळ रेषेत आहेत आणि फिनँथ्रीनचे तिसरे वलय कोपऱ्यात वळले आहे. एवढ्या वळणाने उन्हातील आयुष्य अकरा पटींनी वाढते. त्यातही गंमत अशी की, गिळलेल्या दर हजार प्रकाशकणांमागे अँथ्रासीनचे तीनच रेणू मोडतात, फिनँथ्रीनचे मात्र दहा. म्हणजे प्रकाशकण पचवून सहीसलामत राहण्यात अँथ्रासीन अधिक तरबेज आहे. तरीही ते आधी संपते, कारण ते उन्हातून कितीतरी अधिक प्रकाशकण गिळते. हजारांतील बाकीचे ९९७ प्रकाशकण कोठे जातात? काही निळ्या तेजाच्या रूपाने परत जातात, काही उष्णतेत विरतात.

जे मोडतात ते कसे मोडतात, तेही थोडे पाहू. प्रकाश गिळलेला रेणू उत्तेजित होतो. या अवस्थेत तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला आपली ऊर्जा देऊन टाकू शकतो. मग ऑक्सिजनच उत्तेजित होतो आणि नेहमीच्या ऑक्सिजनला न जमणारी कामे करू लागतो. पाण्यात याचे आयुष्य एका सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते; तेवढ्यात तो अँथ्रासीनच्या मधल्या वलयावर चढून बसतो. हायडेलबर्गच्या हान्स काउट्स्की यांनी १९३१ च्या सुमारास याचा पुरावा दिला, तो फार सुंदर होता. प्रकाश गिळणारा रंग त्यांनी सिलिका जेलच्या काही कणांवर बसविला आणि ऑक्सिजनने रंग बदलणारे दुसरे द्रव्य वेगळ्या कणांवर. दोन्ही प्रकारचे कण मिसळून वर प्रकाश टाकला. द्रव्ये एकमेकांना शिवतही नव्हती, तरी दुसऱ्या कणांचा रंग बदलला. या कणांवरून त्या कणांवर हवेतून काहीतरी जात होते, आणि ते उत्तेजित ऑक्सिजनच असले पाहिजे, असे काउट्स्कींनी म्हटले. सुमारे तीस वर्षे बहुतेकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९६४ नंतर इतर पुरावे पुढे आले तेव्हा त्यांचे म्हणणे मान्य झाले.

ऑक्सिजन चढल्यावर अँथ्रासीनचे अखेरीस बव्हंशी अँथ्राक्विनोन होते, फिकट पिवळे द्रव्य. आणि येथे बडोद्याचा एक जुना धागा लागतो. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातील अँथ्रासीनपासून अँथ्राक्विनोन करून त्यातून ॲलिझरीन हा लाल रंग बनविला. तोपर्यंत हा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीच्या मुळांतून काढीत. थोड्याच वर्षांत त्या शेतीचा बाजार बसला. कृत्रिम रंगांच्या याच विद्येसाठी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली येथे कलाभवन उभे केले, आणि ते शिक्षण देशी भाषांतून द्यावे असा त्यांचा आग्रह होता. मराठीतून रसायनशास्त्र बोलण्याचा आज मला संकोच वाटतो, पण या गावात तरी तो वाटावयास नको.

आता मुख्य अडचणीकडे येतो. बेंझोपायरीन पाण्यात अर्ध्या तासात निम्मे होत असेल, तर ते आपल्या हवेत उरावे कसे? आपल्याकडे उन्हाचा तुटवडा नाही. मग मर्यादा ठरविण्याची वेळ का यावी?

याचे कारण असे की, बेंझोपायरीन हवेत मोकळे फारसे नसतेच. ते काजळीच्या कणांवर चिकटलेले असते. आणि काजळी काळी आहे. तिच्यावर पडणारा प्रकाश ती स्वतःच गिळून टाकते आणि त्याची उष्णता करते. तिच्या सूक्ष्म भेगांत बसलेल्या रेणूपर्यंत प्रकाश पोहोचतच नाही. शिवाय पोहोचलाच, तरी उत्तेजित झालेल्या रेणूची ऊर्जा त्याला चिकटलेला कार्बन काढून घेतो. १९८० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने दाखविले की, द्रावणात भराभर मोडणारी ही संयुगे कोळशाच्या राखेवर बसली की प्रकाशाला दाद देत नाहीत. पुढे त्याच दशकात इंडियाना विद्यापीठात बेहायमर आणि हाइट्स यांनी हीच संयुगे पांढऱ्या सिलिकावर, ॲल्युमिनावर, काजळीवर आणि निरनिराळ्या वीजकेंद्रांच्या राखांवर बसवून पाहिली. पांढऱ्या पृष्ठभागावर ती झपाट्याने नाहीशी होत आणि प्रत्येकाचा वेग त्याच्या घडणीनुसार वेगळा असे. काळ्या राखेवर सगळीच सुरक्षित राहत. अँथ्रासीन काय आणि फिनँथ्रीन काय, फरकच उरत नसे. राखेत कार्बनचे प्रमाण काही टक्क्यांवर गेले की संरक्षण पुरे होई. म्हणजे जी ज्योत हे विष निर्माण करते, तीच त्याला उन्हापासून वाचविणारे काळे पांघरूणही त्याच क्षणी देते. या विषयातील मला माहीत असलेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. उन्हावर भिस्त ठेवणाऱ्याने ती विसरता कामा नये.

डांबराच्या थराचीही तीच स्थिती. १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. ते डाग उन्हावाऱ्याने गेले नाहीत. पुतळ्यावर छत्री होती हे खरे. पण ती नसती तरी प्रकाश डांबराच्या पातळ सालीपलीकडे गेला नसता. अखेर डाग काढले ते एका रसायनशास्त्रज्ञाने, आणि तो रसायनशास्त्रज्ञ म्हणजे कलाभवनाचे हेच गज्जर. राष्ट्रभक्तीच्या इतिहासात त्यांच्या त्या कामगिरीचा उल्लेख करताना आपल्या लोकांना थोडे अवघडल्यासारखे होते. रसायनाच्या इतिहासात तसे होण्याचे कारण नाही.

गोव्याला उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात गेलेल्यांनी किनाऱ्यावरचे काळे डांबरगोळे पाहिले असतील. टँकरांचे आणि समुद्रातील गळतीचे तेल लाटांवर तरंगत, सुकत, घट्ट होत किनाऱ्याला लागते. त्या गोळ्याचे वरचे कवच उन्हाने पालटलेले असते. गोळा फोडला की आत चिकट, ताजे डांबर. कवचाने आतल्या मालाचे ऊन अडविलेले असते.

परंतु पातळ थर असेल तर ऊन किती काम करते याचाही अंदाज शास्त्रज्ञांना बराच काळ आला नव्हता. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला आणि पुढे ८७ दिवस तेल वाहत राहिले. तेलगळतीच्या गणितांत ऊन ही तोवर गौण बाब मानली जात असे. नंतरच्या अभ्यासांत दिसले की, पाण्यावर तरंगणारे तेल काही दिवसांतच उन्हाने मोठ्या प्रमाणात ऑक्सिजनयुक्त झाले होते. वूड्स होल येथील संशोधकांनी २०१८ साली दाखविले की, अशा पालटलेल्या तेलावर विमानांतून फवारलेली, तेल विखुरणारी रसायने नीट चालत नाहीत. म्हणजे उन्हाने काम केले, पण माणसाच्या उपायाच्या आड ते आले.

यातून दुसरा प्रश्न उभा राहतो. ऊन ज्याला मोडते त्याचे काय होते? ‘नाहीसे झाले’ असे मी मघापासून म्हणतो आहे, ते रसायनशास्त्रज्ञांचे सोयीचे बोलणे आहे. मूळ रेणू नाहीसा झाला, कार्बन नाहीसा झाला नाही. मधल्या टप्प्यावर क्विनोने आणि इतर ऑक्सिजनयुक्त संयुगे तयार होतात. ती पाण्यात अधिक विरघळतात आणि त्यांतील काही, उदाहरणार्थ फिनँथ्रीनचे क्विनोन, पेशींना मूळ द्रव्यापेक्षा अधिक त्रासदायक असतात. त्यांतील पुष्कळांचा पुढे जंतू आणि ऊन मिळून निकाल लावतात, पण वाट लांब आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट १९८३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेत काही संशोधकांनी उघड्यावरच्या वाहत्या पाण्यात लिटरला सुमारे १३ मायक्रोग्रॅम अँथ्रासीन सोडून त्यात सनफिश जातीचे मासे ठेवले. सावलीतले मासे जगले. त्याच पाण्यातले उन्हातले मासे दोन दिवसांत मेले. अँथ्रासीन माशांच्या अंगात शिरले होते, ऊन त्यांच्या पातळ कातडीतून आत पोहोचले, आणि उत्तेजित ऑक्सिजनचा मघाचाच सगळा खेळ पाण्यात न होता जिवंत पेशीत झाला. कोलटारवर काम करणाऱ्या मजुरांना कडक उन्हात उघड्या कातडीची जी आग होते, तिचे कारणही हेच. शुद्ध करणारी क्रिया आणि जाळणारी क्रिया एकच आहे; फरक रेणू कोठे बसला आहे एवढाच.

मग या माहितीचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतील. विचारावेच. बडोद्याच्या हिवाळ्यात सकाळी धूर जमिनीलगत साचून राहतो, ऊन उशिरा आणि तिरपे येते. नेमक्या त्याच वेळी रस्त्यारस्त्यांवर झाडलेली पाने पेटविली जातात, शेकोटीत टायरचे तुकडे जातात. ज्याने काडी लावली त्याची समजूत अशी असते की धूर वर जाईल आणि ऊन त्याचे बघून घेईल. धूर वर जात नाही, आणि त्यातली काजळी उन्हाला दाद देत नाही. ती घरांवर, पानांवर, आपल्या फुप्फुसांत बसते, आणि पहिल्या पावसात उरलेली विश्वामित्रीत उतरते. तेथे पावसाळ्याचे पाणी गढूळ. ऊन वीतभरही खाली जात नाही. पानांचे खत करता येते. शाळांच्या आवारांत तरी पाने जाळू नयेत, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसमोर म्हणण्याची संधी मी सोडणार नाही.

शेवटी शास्त्र-शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवून थांबतो. १८६६-६७ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला फ्रिट्शे यांनी अँथ्रासीनचे द्रावण उन्हात ठेवले, तर त्यातून न विरघळणारे स्फटिक खाली बसले. ते तापविले की पुन्हा अँथ्रासीन मिळे. दोन रेणू प्रकाशाने एकमेकांना जोडले जात होते. तितके दाट द्रावण शाळेत नको. शिक्षकांनी हातमोजे घालून अल्कोहोलमध्ये चिमूटभर अँथ्रासीनचे अगदी पातळ द्रावण करावे आणि पातळ काचेच्या दोन बुचाच्या नळ्यांत भरावे. एकीला काळा कागद गुंडाळावा, दुसरी उघडी ठेवावी, आणि दोन्ही गच्चीवर दुपारभर ठेवाव्यात. मग खोलीत अंधार करून, खोट्या नोटा ओळखण्याचा दुकानदारांचा निळा दिवा दोन्हींवर धरावा. झाकलेली नळी निळी उजळेल. उघडीचे तेज किती उरले ते मुलांनीच पाहून वहीत लिहावे. दर तासाला एक नळी याप्रमाणे पाच-सहा नळ्या घेतल्या तर आलेखही काढता येईल. याच द्रावणात समईची काजळी ढवळून घेतली तर काय होते, हे पाहण्यासाठी मात्र नंतर काजळी गाळावी लागेल आणि तिला चिकटलेले अँथ्रासीन पुन्हा अल्कोहोलने धुऊन काढावे लागेल. ते थोडे कौशल्याचे काम आहे. बारावीच्या मुलांनी करून पाहावे, आणि काय दिसले ते मला कळवावे.